जर्मनीत कायमचे वास्तव्य: आधी एम.एस. की थेट नोकरी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ २७ वर्षांचे मेकॅनिकल अभियंते असून चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात साडेतीन वर्षांपासून गुणवत्ता विभागात आहेत, आणि जर्मन भाषेची ए २ पातळी (ए १ ते सी २ या सहा पायऱ्यांपैकी दुसरी) त्यांनी पूर्ण केली आहे. कॅनडाच्या स्थलांतर अर्जाला लागणारे गुण जमत नाहीत, म्हणून त्यांनी जर्मनीचा विचार सुरू केला आहे. २५ लाखांचे शैक्षणिक कर्ज काढून तिकडे एम.एस. करावे की इथूनच नोकरी शोधून जावे, यांपैकी पी.आर., म्हणजे कायमचा वास्तव्य परवाना, कोणत्या मार्गाने लवकर मिळेल, आणि पुढे आईवडिलांना नेता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी पुण्यात बसून बरीच वर्षे जर्मन व्हिसा आणि वास्तव्य परवान्यांच्या फायली पाहते. त्या अनुभवावरून सांगायचे तर ‘शिक्षण की नोकरी’ ही मांडणीच दिशाभूल करणारी आहे. जर्मनीत कायमचा परवाना पदवीमुळे मिळत नाही आणि तिथे किती वर्षे राहिलात यावरही प्रामुख्याने मिळत नाही. आपल्या पात्रतेला साजेशी नोकरी, तिला जोडलेला योग्य प्रकारचा परवाना आणि त्या पगारातून सरकारी पेन्शन विम्यात दरमहा जमा झालेले हप्ते, या तिन्ही गोष्टी एकत्र सुरू झाल्यावरच मुदत मोजायला सुरुवात होते. त्यामुळे विचारायचा प्रश्न असा की ती पहिली नोकरी तुम्हाला कोणत्या मार्गाने अधिक खात्रीने मिळेल.

कॅनडाबद्दल आधी दोन वाक्ये सांगून तो विषय बाजूला ठेवते. २०२५ मध्ये कॅनडातील अनुभव असणाऱ्यांच्या गटातही निवडीचे गुण ५०० च्या वर राहिले, त्याच वर्षी मार्चमध्ये नोकरीच्या प्रस्तावाचे गुण काढून टाकण्यात आले आणि विद्यार्थी परवान्यांवर २०२४ पासून संख्येची मर्यादा आहे. त्यामुळे फ्रेंच भाषा किंवा आरोग्यसेवेसारख्या खास गटात बसत नसाल, तर तुमचा अंदाज बरोबर आहे. मात्र तिथे गुण जमले की पी.आर. हातात घेऊनच विमानातून उतरता येते, तशी सोय जर्मनीत नाही. जर्मनीत जवळजवळ सगळ्यांना आधी मुदतीचा परवाना मिळतो आणि कायमचा परवाना पुढे कमवावा लागतो.

आता मुदतीचा हिशेब पाहू. जर्मन वास्तव्य कायद्याच्या १८ सी या कलमात कुशल कामगारांसाठी तीन वाटा आहेत. ज्याने जर्मनीतच पदवी किंवा व्यावसायिक शिक्षण पूर्ण केले आहे, त्याला साजेशा नोकरीच्या परवान्यावर दोन वर्षे आणि पेन्शनचे २४ हप्ते पुरतात. ज्याची पदवी परदेशी आहे आणि जो साध्या कुशल कामगार परवान्यावर आहे, त्याला २०२३ च्या दुरुस्ती कायद्यामुळे आता तीन वर्षे आणि ३६ हप्ते लागतात. त्याआधी चार वर्षे लागत. आणि ज्याच्याकडे युरोपीय ब्लू कार्ड, म्हणजे ठरावीक पगाराच्या वरच्या उच्चशिक्षितांसाठीचा नोकरीचा परवाना, आहे, त्याला भाषेची ए १ पातळी असेल तर २७ महिने आणि बी १ पातळी असेल तर २१ महिने लागतात. ब्लू कार्डाच्या बाबतीत पदवी म्युनिकची आहे की पुण्याची, याने या २१ महिन्यांत एका दिवसाचाही फरक पडत नाही, आणि इथे समुपदेशन केंद्रांत बसलेल्या बहुतेकांना हे कोणी सांगतच नाही.

मग एम.एस. केल्याने किती वेळ लागतो? अभ्यासक्रम कागदावर दोन वर्षांचा असतो, पण इंटर्नशिप आणि प्रबंध धरून अडीच ते तीन वर्षे लागणे ही तिथली रीतच आहे. त्यानंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो. या परवान्यावर कोणतेही काम करता येते, कॅफेत कॉफी देण्यापासून गोदामात खोकी लावण्यापर्यंत. पण यातला एकही दिवस वर सांगितलेल्या दोन वर्षांत धरला जात नाही. सहा महिन्यांत साजेशी नोकरी लागली असे समजले, तरी जर्मनीत पाऊल ठेवल्यापासून कायमचा परवाना हातात येईपर्यंत साधारण पाच वर्षे होतात. थेट नोकरीने ब्लू कार्डावर गेलेला माणूस, बी १ हातात असेल तर, दोन वर्षांच्या आत अर्ज करू शकतो. केवळ पी.आर. लवकर हवा म्हणून एम.एस. करणे हा त्यामुळे उलटा हिशेब ठरतो.

तरीही मी अनेकांना एम.एस. करायला सांगते, त्याची कारणे वेगळी आहेत. पहिले म्हणजे ब्लू कार्डाची पगाराची अट. ही रक्कम पेन्शन विम्याच्या कमाल मर्यादेशी जोडलेली असल्यामुळे बहुधा दर जानेवारीत वाढते. २०२५ मध्ये ती वर्षाला ४८,३०० युरो होती आणि टंचाईच्या व्यवसायांसाठी व नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी ४३,७५९.८० युरो, २०२६ साठी हेच आकडे ५०,७०० आणि ४५,९३४.२० असे आहेत. अभियंते टंचाईच्या यादीत असल्यामुळे तुम्हाला कमी आकडा लागू होईल. पण समजा एखाद्या छोट्या गावातल्या कारखान्याने ४२,००० युरोच देऊ केले, तर ब्लू कार्ड मिळणार नाही आणि साधा कुशल कामगार परवाना घ्यावा लागेल. अशा वेळी भारतीय पदवीवर तीन वर्षे लागतील आणि जर्मन पदवीवर दोनच. कमी पगाराच्या नोकरीतही घड्याळ वेगाने चालते, हा जर्मन पदवीचा खरा कायदेशीर फायदा आहे.

दुसरे कारण व्यवहारातले आहे. मेकॅनिकल क्षेत्रात जर्मन कंपनी पुण्यात बसलेल्या, जर्मन न बोलणाऱ्या आणि तिथे कोणी न ओळखणाऱ्या उमेदवाराला सहसा घेत नाही. सॉफ्टवेअरमध्ये हे घडते, कारखान्याच्या गुणवत्ता विभागात फार क्वचित घडते; तिथे दिवसभर यंत्रचालकांशी, पुरवठादारांशी आणि ऑडिट करायला आलेल्या माणसाशी जर्मनमध्ये बोलावे लागते. एम.एस. करताना ‘वेर्कश्टुडेंट’ म्हणून, म्हणजे सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, एखाद्या कंपनीत काम करता येते आणि बहुतेकांची पहिली कायमची नोकरी तिथूनच निघते. एक उपयोगी बारकावा असा की वेर्कश्टुडेंटच्या पगारातूनही पेन्शनचा हप्ता कापला जातो, त्यामुळे हप्त्यांची संख्या विद्यार्थिदशेतच वाढू लागते. मात्र परवान्याची दोन वर्षे नोकरीच्या परवान्यावरच भरावी लागतात. हप्ते जास्त झाले म्हणून ती कमी होत नाहीत. पगारपत्रकावर ‘आर.व्ही.’ या अक्षरांपुढे जी रक्कम दिसते ती हीच. एकूण हप्ता पगाराच्या १८.६ टक्के असतो, त्यातला निम्मा तुमच्या पगारातून आणि निम्मा मालकाकडून जातो. पहिल्या महिन्याचे पत्रक हातात पडले की आधी ही ओळ पाहावी, निव्वळ पगाराचा आकडा नंतर पाहिला तरी चालतो.

एम.एस. करायचेच ठरवले तर विषय आणि संस्था निवडताना जाहिरातींपेक्षा नोकरीच्या बाजाराकडे पाहावे लागेल. तुमच्या मनात वाहन अभियांत्रिकी असणार हे मी गृहीत धरते, कारण चाकणहून येणाऱ्या दहापैकी आठ जणांच्या मनात तेच असते. त्या उद्योगाची तिथली अवस्था सध्या चांगली नाही. डिसेंबर २०२४ च्या समझोत्यानुसार फोक्सवागन २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० हून अधिक जागा कमी करणार आहे. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी सुमारे १३,००० जागा कमी करण्याची घोषणा केली. जी कंपनी आपल्याच अनुभवी लोकांना पैसे देऊन घरी पाठवते आहे, ती नवख्या परदेशी पदवीधराला कशासाठी घेईल? याउलट वीजवहन, रेल्वे तंत्रज्ञान, वैद्यकीय उपकरणे, इमारतींमधील उष्णता व वातानुकूलन यंत्रणा आणि उत्पादनाचे स्वयंचलन या क्षेत्रांत माणसे हवी आहेत. तुमचा गुणवत्ता विभागाचा अनुभव वैद्यकीय उपकरणांच्या किंवा रेल्वेच्या पुरवठादारांकडे जसाच्या तसा उपयोगी पडतो. फक्त अर्जात तो त्या भाषेत मांडता आला पाहिजे.

संस्थेच्या बाबतीत माझे मत अनेकांना पटत नाही, पण मी त्यावर ठाम आहे. ज्याला नोकरी आणि पी.आर. हवा आहे, संशोधन नको आहे, त्याने मोठ्या तांत्रिक विद्यापीठाच्या नावामागे धावण्यापेक्षा ‘होखशूले’ प्रकारच्या उपयोजित विज्ञान संस्थांचा गंभीरपणे विचार करावा. एस्लिंगन, इंगोलश्टाट, डेगेनडॉर्फ अशा ठिकाणच्या या संस्थांचे आसपासच्या कारखान्यांशी जवळचे संबंध असतात, अनेक अभ्यासक्रमांत इंटर्नशिप सक्तीची असते आणि प्रबंध कंपनीत बसून लिहिण्याची पद्धत रुळलेली आहे. आखनच्या विद्यापीठाचे नाव पुण्यात आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे, पण तिथल्या परीक्षा काढताना ज्यांची चार वर्षे गेली अशांच्या फायलीही माझ्याकडे आल्या आहेत.

खर्चाबद्दल बराच गैरसमज आहे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही, फक्त दर सत्राला काहीशे युरोपर्यंतची वर्गणी भरावी लागते. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना दर सत्राला ४,००० ते ६,००० युरो शुल्क लावले आहे. याशिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. ही रक्कम म्हणजे फी नव्हे. तिथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो या हिशेबाने ती तुमच्याच खात्यात परत येते आणि त्यातूनच घरभाडे, जेवण व आरोग्य विमा भागवायचा असतो. प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याला, काही मोजके अपवाद वगळता, नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस हे कागदपत्र पडताळणीचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. त्याची फी १८,००० रुपये आहे आणि वेळेत मिळावे म्हणून विद्यापीठाला अर्ज करण्याच्या बऱ्याच आधी ते मागवावे लागते. हिवाळी सत्राच्या अर्जांची शेवटची तारीख अनेक ठिकाणी १५ जुलै असली, तरी परदेशी अर्जदारांसाठी कित्येक अभ्यासक्रमांची खिडकी मार्च-मे मध्येच बंद होते.

हा सगळा हिशेब मांडला तर सरकारी संस्थेत २५ लाखांचे कर्ज लागण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षाचे साधारण १२ ते १४ लाख हाताशी असले, तर पुढचा बराच भाग वेर्कश्टुडेंटच्या पगारातून निघतो. कोणी तुम्हाला २५ लाखांचे अंदाजपत्रक दिले असेल, तर त्यात खासगी विद्यापीठ आहे का ते आधी विचारा. खासगी संस्था समुपदेशकांना कमिशन देतात आणि सरकारी संस्था देत नाहीत, एवढे लक्षात ठेवले की बऱ्याच सल्ल्यांचा उगम कळतो. खासगी संस्था शासनमान्य असेल तर कायद्याने तिची पदवीही चालते, त्यात शंका नाही. पण मोठ्या शहरातल्या एखाद्या इमारतीच्या दोन मजल्यांवर चालणाऱ्या, प्रयोगशाळा नसलेल्या आणि वर्ग भरून परदेशी विद्यार्थी असलेल्या संस्थेतून मेकॅनिकल क्षेत्रातली नोकरी मिळवणे किती अवघड आहे, ते तिथे शिकून बाहेर पडलेल्यांनाच विचारावे.

आता थेट जाण्याच्या वाटेकडे वळू. पहिली पायरी म्हणजे ‘आनाबिन’ या जर्मन सरकारी माहितीसाठ्यात आपले विद्यापीठ आणि आपली पदवी शोधणे. महाराष्ट्रातली जुनी राज्य विद्यापीठे तिथे बहुधा एच-प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, या वर्गात असतात, पण विद्यापीठ सापडले म्हणजे काम संपले असे नाही. तुमची पदवीही जर्मन पदवीच्या समकक्ष म्हणून नोंदलेली असावी लागते. नोंद नसेल तर साधारण २०० युरो भरून तुलनापत्र मागवावे. ही दोन्ही पाने छापून फायलीत ठेवावीत.

त्यानंतर दोन पर्याय उरतात. इथूनच अर्ज करून नोकरी मिळाली, तर मालकाला शीघ्र प्रक्रियेची विनंती करावी. तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून ही प्रक्रिया सुरू करतो आणि मंजुरी आधीच हातात आल्यामुळे व्हिसाची भेट लवकर मिळते. नोकरी मिळाली नाही, तर जून २०२४ पासून सुरू झालेले ऑपॉर्च्युनिटी कार्ड घेऊन वर्षभर तिथे राहून शोधता येते. पदवी पूर्णपणे समकक्ष असेल तर त्यासाठी गुणही मोजावे लागत नाहीत. नसेल तर सहा गुण लागतात, आणि तुमचे ते आजही जमतात: वय ३५ च्या आत म्हणून दोन, गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा संबंधित अनुभव म्हणून दोन, भाषा ए २ म्हणून एक आणि टंचाईचा व्यवसाय म्हणून एक. या कार्डावर आठवड्याला २० तास कोणतेही काम आणि दोन-दोन आठवड्यांची चाचणी नोकरी करता येते. हातात महिन्याला १,०९१ युरो या हिशेबाने वर्षाची रक्कम दाखवावी लागते.

पण या कार्डाबद्दल एक सावधगिरीचा शब्द. हे कार्ड म्हणजे शोधाची परवानगी आहे, नोकरीची हमी नव्हे, आणि त्या वर्षाचाही पी.आर.च्या मुदतीत काही उपयोग नाही. बी १ शिवाय, इंग्रजीच्या भरवशावर हे कार्ड घेऊन गेलेले मेकॅनिकलचे उमेदवार बर्लिनमध्ये सायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवताना दिसतात आणि वर्ष संपल्यावर परत येतात. माझ्या अनुभवात ज्यांचे काम झाले, ते बी २ च्या उंबरठ्यावर असताना गेले आणि मोठ्या शहरात न उतरता हाइलब्रोन किंवा ब्लॅक फॉरेस्टच्या बाजूच्या छोट्या गावांत गेले, जिथे पिढीजात मध्यम कारखाने आहेत आणि माणूस मिळत नाही म्हणून मालक खरोखर अडलेला असतो. याच बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. तो मुख्यतः परिचारिका, वीजतंत्री, चालक अशा कारागिरीच्या व्यवसायांसाठी आहे, अभियंत्यांसाठी नाही; त्यामुळे त्याच्या नावाने कोणी तुमच्याकडे पैसे मागितले तर देऊ नका.

पुण्यातल्या उमेदवारांना एक तिसरी वाट दिसते आणि तिच्यात एक खड्डा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. आपल्याकडे जर्मन कंपन्यांच्या शाखा भरपूर आहेत, आणि तिथे काम करणाऱ्याला कंपनीच दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवते तेव्हा आनंदीआनंद होतो. पण अशी पाठवणी बहुतेक वेळा कंपनीअंतर्गत बदलीच्या, म्हणजे आयसीटी कार्डावर होते आणि हा परवाना वर सांगितलेल्या १८ सी कलमाच्या मुदतीत धरला जात नाही. शिवाय भारत आणि जर्मनी यांच्यात मे २०१७ पासून लागू असलेल्या सामाजिक सुरक्षा करारानुसार, इथल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचे कव्हरेज सर्टिफिकेट घेऊन पाठवलेल्या माणसाचा पेन्शनचा हप्ता ४८ महिन्यांपर्यंत भारतातच भरला जातो. कंपनीचे पैसे वाचतात, तुमचा निव्वळ पगारही थोडा वाढतो, आणि पेन्शनच्या जर्मन खात्यात शून्य महिने जमा होतात. अशा संधीला नाही म्हणू नये; पण तिथे गेल्यावर जर्मन कंपनीशी स्थानिक करार होऊन ब्लू कार्डावर जाता येईल का, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

नोकरी लागल्यानंतरचे नियमही आधीच माहीत असावेत. ब्लू कार्डाच्या पहिल्या १२ महिन्यांत मालक बदलायचा असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाला आधी कळवावे लागते. नोकरी मुदतीआधी सुटली तर दोन आठवड्यांच्या आत कळवणे ही तुमची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि ‘दुसरी मिळाली की सांगू’ असे म्हणून गप्प बसणारे पुढे अडचणीत येतात. पी.आर.चा अर्ज करताना तुम्ही नव्या नोकरीच्या सहा महिन्यांच्या परिवीक्षा काळात असाल, तर बहुतेक कार्यालये तो काळ संपेपर्यंत थांबवतात. म्हणून २१ महिने भरत आलेले असताना थोड्या वाढीव पगारासाठी उडी मारू नये. परवाना संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज केलेला असेल, तर भेटीची तारीख महिनोन्‌महिने मिळाली नाही तरी तुमचे आधीचे हक्क चालू राहतात आणि तसे अंतरिम पत्र मागून घेता येते. अर्ज केल्याची तारीख दाखवणारा कागद मात्र जपून ठेवावा.

कागदांवरून एक गोष्ट आठवली, जी खास आपल्याकडची आहे. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि काही वेळा आईचेही नाव छापलेले असते. पासपोर्टवर ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन्ही नावे असतात. जर्मनीत गेल्यावर नगरपालिकेत पत्ता नोंदवताना पासपोर्टप्रमाणे ही दोन्ही नावे तुमचीच पहिली नावे म्हणून लिहिली जातात, आणि तिथून पुढे बँक, विमा कंपनी, मालक आणि पेन्शन कार्यालय यांपैकी कोणी एक नाव लिहिते, कोणी दोन. पेन्शनची दोन वेगळी खाती उघडली गेल्यामुळे हप्ते अर्धे इकडे, अर्धे तिकडे, असा प्रकार मी पाहिला आहे. उपाय सोपा आहे: गुणपत्रिका आणि पासपोर्टवरची नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र इथून करून न्यावे, तिथे प्रत्येक अर्जावर पासपोर्टप्रमाणेच पूर्ण नाव लिहावे, आणि वर्षातून एकदा पेन्शन कार्यालयाकडून आपल्या खात्याचा उतारा मागवून महिने मोजावेत. हाच उतारा पी.आर.च्या अर्जाला जोडायचा असतो.

व्हिसा नाकारला गेला तर पूर्वी वकिलातीकडेच फेरविचाराची विनंती करता येत असे. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जाणे एवढेच उरते. ‘एकदा टाकून पाहू, नाही झाले तर अपील करू’ ही वृत्ती त्यामुळे परवडणारी नाही; मुंबईच्या वकिलातीत जाणारी फाइल पहिल्यांदाच पूर्ण असली पाहिजे.

तुमच्या परिस्थितीत मी काय करेन? नोकरी न सोडता पुढचे आठ-दहा महिने बी १ पूर्ण करून बी २ च्या वर्गात बसेन. परीक्षा मॅक्स म्युलर भवनाची द्यावी, कारण ते प्रमाणपत्र विद्यापीठ, वकिलात आणि पुढे पी.आर.चे कार्यालय, तिन्हीकडे चालते. त्याच काळात एपीएस मागवून तीन-चार सरकारी होखशूलेंमध्ये अर्ज करेन आणि समांतरपणे वैद्यकीय उपकरणे व रेल्वेच्या पुरवठादारांकडे जर्मन भाषेत अर्ज पाठवत राहीन. प्रवेशाचे पत्र येईपर्यंत नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या असतील, तर थेट जाईन. एकही मुलाखत आली नसेल, तर एम.एस. ला जाईन आणि कर्ज १५ लाखांच्या आत ठेवेन. ऑपॉर्च्युनिटी कार्ड मी तुमच्यासाठी तिसऱ्या क्रमांकावर ठेवते, आणि तेही बी २ झाल्यावरच.

शेवटी आईवडिलांबद्दल. मार्च २०२४ पासून कायद्यात एक नवी तरतूद आली आहे: त्या तारखेनंतर ज्यांना पहिल्यांदा ब्लू कार्ड किंवा कुशल कामगार परवाना मिळाला, त्यांना आईवडिलांना कायमचे बोलावता येते. पती किंवा पत्नीही तिथे कायम राहत असेल, तर सासूसासऱ्यांनाही बोलावता येते. ऐकायला हे फार छान वाटते, पण त्यांचा संपूर्ण उदरनिर्वाह आणि पुरेसा आरोग्य विमा तुम्हाला दाखवावा लागतो, आणि साठी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाचा असा विमा खासगी कंपन्या एक तर देत नाहीत किंवा न परवडणाऱ्या दराने देतात. त्यामुळे ९० दिवसांच्या भेटीच्या व्हिसावर त्यांना दरवर्षी नेणे हाच बहुतेकांचा व्यवहार्य मार्ग राहतो.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. त्यांच्या आजारपणासाठी तुम्हालाच दीर्घकाळ इकडे यावे लागले, तर साधा जर्मन पी.आर. सहा महिने देशाबाहेर राहिल्यावर रद्द होतो. ब्लू कार्डावर असताना ही मुदत १२ महिन्यांची असते. जास्त राहावे लागणार असेल तर वाढीव मुदत परदेशी नागरिक कार्यालयाकडून निघण्यापूर्वी किंवा निदान मूळ मुदत संपण्यापूर्वी लेखी मागता येते, आणि कारण खरे व कागदोपत्री असेल तर ती अनेकदा मिळते. मुदत उलटून गेल्यावर केलेल्या विनंतीला काही अर्थ उरत नाही.